कोयते घडवण्यासाठी पाट्यांचा पॉवर हॅमर

पॉवर हॅमर, म्हणजे मोटारीवर चालणारा घण, बांधायला निघालेला माणूस आधी मोटारीची चौकशी करतो आणि तिथेच त्याचे गणित चुकते. ठोका तापलेल्या लोखंडात किती मुरेल, हे मुख्यतः घणाखालच्या ऐरणीवर ठरते. ऐरण हलकी असेल तर प्रत्येक ठोक्याला तीच दबते आणि जोर जमिनीत जातो. म्हणून ऐरणीचे वजन घणाच्या निदान दहापट, जमल्यास पंधरापट ठेवावे.

खानापूर, चिकोडी, निपाणी या भागातील लोहाराच्या कोयते, कुऱ्हाडी आणि विळ्यांच्या कामाला 25 किलोचा घण पुरतो. पोलादाच्या 100 मिमी चौरस बारचा 320 मिमी लांब तुकडा घेतला की जवळजवळ तेवढेच वजन भरते. ऐरणीसाठी 250 मिमी व्यासाचा आणि 700 मिमी उंचीचा भरीव गोल तुकडा भंगारात मिळाला, तर तो सुमारे 270 किलोचा असतो. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम करणारे कारखाने पुष्कळ असल्याने ऐरण बिडाची ओतून घ्यावीशी वाटते; त्यास हरकत नाही, मात्र खालची डाय (लोखंड ज्यावर ठोकले जाते तो ठोकळा; तशीच दुसरी घणाला असते) थेट बिडावर न बसवता मध्ये पोलादी ठोकळा द्यावा, अन्यथा डाय बसवायच्या खोबणीच्या कडा तडकतात.

पाया जमीन पाहून घ्यावा. खानापूरकडच्या जांभ्यावर तो लवकर बसतो, परंतु चिकोडी-निपाणीकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माझी पहिली ऐरण अशाच जमिनीत फूटभर खड्ड्यावर उभी केली होती, ती वैशाख येईपर्यंत कलली. काळी माती शक्यतो मुरूम लागेपर्यंत काढावी, सळ्या घालून काँक्रीट भरावे आणि ऐरणीखाली जाड रबरी पट्टा अंथरावा.

ट्रकच्या जुन्या पाट्यांचा संच खांबावर मधोमध आसावर असा बसवावा की तो तराजूसारखा वरखाली झुलेल. त्याचे मागचे टोक क्रँकला (फिरत्या शाफ्टवरील वाकड्या दांड्याला) आणि पुढचे टोक घणाला जोडावे. क्रँकचा फेर केंद्रापासून 75 मिमी ठेवल्यास घणाला साधारण 150 मिमी चाल मिळते. क्रँक वरच्या टोकाला असताना दोन्ही डाय एकमेकींना टेकता कामा नयेत. त्यांच्यात 20 ते 25 मिमी फट ठेवावी, कारण वेगात पाटे लवचिकपणे झुकतात आणि घण त्या फटीपलीकडे पोहोचतो. नवशिके नेमकी हीच फट ठेवत नाहीत आणि मग पाटे तुटले म्हणून पाट्यांना दोष देतात.

मोटार 2 एचपीची, मिनिटाला 1440 फेऱ्यांची असावी. तिच्यावर 75 मिमीची आणि क्रँकच्या शाफ्टवर 450 मिमीची पुली बसवली की मिनिटाला 240 ठोके पडतात. पट्टा सैल ठेवून पायडलने दाबपुली त्यावर टेकवावी, म्हणजे पाय जितका दाबाल तितका जोर वाढतो. पट्ट्याला आणि क्रँकला जाळी लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

कोयताही जुन्या पाट्याच्याच पोलादाचा घडवायचा असल्याने त्यासाठी पाटा निवडताना मधले भोक आणि त्याभोवतीचा भाग कापून टाकावा, कारण तिथे बारीक चिरा असू शकतात. लोखंड भडक नारिंगी झाल्यावरच डायखाली धरावे आणि लाली मंदावली की लगेच भट्टीत परत घालावे. सांडशीची मूठ पोटासमोर न येता शरीराच्या बाजूला राहील असे उभे राहावे, कारण काम डायवर सपाट न बसल्यास सांडशी झटका देते. रिकाम्या डायवर घण चालवू नये.

धारेला ‘पाणी’ द्यायचे म्हटले तरी पाट्याच्या पोलादाला प्रत्यक्षात तेलच द्यावे. पाण्यात ते बहुधा तडकते. चुंबक चिकटेनासा झाल्यावर आणखी थोडे तापवून कोयता कोमट तेलात बुडवावा, एक बाजू घासून चकचकीत करावी आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्यावी. धारेवर तपकिरी छटा उतरली की थांबावे. पाठ तोवर निळी झालेली असते आणि ती तशीच हवी, कारण उसाच्या बुडख्यावर बसणारा धक्का पाठीनेच सोसायचा असतो.