परदेशात कामासाठी गेल्यावर शहर बघायला वेळ कसा काढाल?

कामाचा दौरा तीन दिवसांचा असला तरी फिरायला चार-पाच तास निघतात. फक्त त्यांची सोय तिकीट काढतानाच करायला हवी.

तिकीट पक्कं होण्याआधी ऑफिसला विचारा, परतीचं विमान सकाळऐवजी रात्रीचं चालेल का? भाडं तेवढंच असेल तर सहसा कुणाची हरकत नसते. एखादा दिवस जादा राहायचं असेल, तर त्या रात्रीचं हॉटेल कुणाच्या खर्चात, प्रवासविमा त्या दिवसाला लागू आहे का आणि व्हिसावर तेवढे दिवस आहेत का, हे आधी बघा. शेंगेन व्हिसात (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. हिशोब चुकतो तो इथेच.

मग नकाशावर हॉटेल, मीटिंगची जागा आणि विमानतळ अशा तीन खुणा करा. यांच्या अधेमधे जे येतं, त्यातूनच एक ठिकाण निवडा. दुसऱ्या टोकाचं ठिकाण कितीही प्रसिद्ध असलं तरी सोडून द्या. जाण्या-येण्यातच सगळा वेळ जातो.

कधी फिरायचं, हे तुमची झोप ठरवते. पश्चिमेकडे बरेच तास उडून गेलात की पहाटे चारलाच टक्क जाग येते आणि रात्री आठला डोळे मिटायला लागतात. पूर्वेकडे गेलात की उलट. शरीर साधारणपणे दिवसाला एखादा तासच सरकतं, त्यामुळे छोट्या दौऱ्यात त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. पहाटे जाग येत असेल तर सूर्योदयाची वेळ बघून नदीकाठ, जुने चौक, पूल गाठा. तिथे तिकीट लागत नाही, गर्दी नसते आणि नऊच्या मीटिंगआधी आंघोळ करून तयारही होता येतं. रात्री ताजेतवाने असाल तर संग्रहालय धरा. आठवड्यातून एक-दोन दिवस बरीच संग्रहालयं उशिरापर्यंत उघडी असतात: पॅरिसचं लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत, लंडनचं ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत. सुट्टीचा वारही बघून ठेवा. लूव्र मंगळवारी बंद असतं. शेवटचा प्रवेश बहुतेक ठिकाणी बंद होण्याच्या बराच आधी थांबतो.

निघायच्या दिवशी वेळ उलटी मोजा. विमान रात्री ९ ला, म्हणजे विमानतळावर ६ ला. रस्त्याचा एक तास, वर अर्धा तास हाताशी, म्हणून साडेचारला हॉटेल सोडायचं आणि सव्वाचारला बॅग ताब्यात घ्यायची. मीटिंग साडेबाराला संपली तर जेवणासकट पावणेचार तास मिळतात. खोली सोडल्यावरही बहुतेक हॉटेलं बॅग ठेवून घेतात. संग्रहालयात मोठी बॅग नेऊ देत नाहीत (लूव्रची मर्यादा ५५ × ३५ × २० सेंटिमीटर). पासपोर्ट आणि ऑफिसचा लॅपटॉप मात्र हॉटेलात ठेवलेल्या बॅगेत टाकू नका, ते जवळच ठेवा.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख नीट वाचा. शुक्रवारी ००:३० चं विमान असेल तर गुरुवारी रात्री साडेनऊलाच विमानतळावर हजर व्हायचं असतं.