छोट्या गाडीची हौस आणि आपणच ओढवलेले बिघाड: या चुका टाळा

सिमरोल मागे पडलं, भेरूघाटाच्या वळणावर डिपर मारला आणि दोन्ही हेडलाइट एकदम गेले. पाठोपाठ स्टिअरिंगखालून जळक्या प्लास्टिकचा वास. मोबाइलच्या टॉर्चवर गाडी कडेला घेतली आणि मग आठवलं: दोनच दिवसांपूर्वी मी स्वतःच्या हातांनी मूळ ६०/५५ वॉटचे बल्ब काढून १००/९० वॉटचे बसवले होते.

गाडी २००८ ची आल्टो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंदूरच्या गल्ल्यांत शिकायला यापेक्षा गुणी गाडी नाही. गणित चौथीच्या मुलाला जमेल असं होतं. हाय बीमला दोन्ही दिव्यांचे मिळून १२० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. माझे झाले २०० वॉट, जवळजवळ १७ अँपिअर. हा सगळा करंट जुन्या गाड्यांत कॉम्बिनेशन स्विचमधून, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दिव्यांच्या स्विचमधून जातो, आणि वायर तीच, स्विचही तोच. बल्ब टिकले, स्विच वितळला. असले बल्ब रस्त्यावर नियमात बसत नाहीत, ही गोष्ट वेगळीच.

उजेड कमी वाटत असेल तर बल्ब ही शेवटची गोष्ट. आधी पिवळी पडलेली काच बघा. मग मल्टिमीटर घ्या: दिवे लावून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं बल्बच्या अर्थवर. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थचा बोल्ट काढून गंज घासायला हवा. माझ्या गाडीचा तो बोल्ट काढला तर खाली हिरवट बुरशीसारखा थर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. त्याहून बरेच कमी असतील तर आधी पट्टा बघा, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. इतकं करून मूळ वॉटचेच बल्ब ठेवा आणि बॅटरीकडून फ्यूज घालून वेगळी रिले लाइन टाका, म्हणजे मोठा करंट स्विचमधून न जाता थेट दिव्यांना जातो. फरक लगेच दिसतो.

त्या रात्रीपासून नवा बिघाड आला की मी एकच प्रश्न आधी विचारतो: गाडीला शेवटचा हात कोणाचा आणि कुठे लागला? माझा, नाहीतर मिस्त्रीचा.

मिस्त्रीवरून थर्मोस्टॅट आठवला, म्हणजे इंजिन नीट गरम होईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. एका उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून दाखवायला नेली. "भिया, इसकी क्या जरूरत, अपने यहाँ तो वैसे ही गर्मी है," म्हणत त्यांनी थर्मोस्टॅटच काढून बाजूला ठेवला. काटा खाली आला, मी खूश. मग अ‍ॅव्हरेज पडायला लागलं. इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतच नव्हतं. सेन्सर ते थंडच दाखवायचा, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत होता. मूळ दुखणं होतं रेडिएटरच्या सैल पडलेल्या झाकणात. ते झाकण दाब धरून ठेवतं, आणि दाब असला की इंजिन गार ठेवणारं कूलंट १०० अंशांवर उकळत नाही. झाकण किरकोळ खर्चाचं. फक्त इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

कूलंट स्वतः बदलत असाल तर दुसरी एक ठरलेली चूक: भरलं, झाकण लावलं, निघालो. आत हवा अडकते आणि राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश भरा, झाकण उघडंच ठेवून इंजिन आयडलवर चालू द्या, बुडबुडे थांबले की पातळी पुरी करा. कूलंटची टाकी नळाच्या पाण्याने भरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर येतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो.

टायरचं थोडक्यात. माझ्या गाडीचा मूळ टायर १४५/८० आर१२ (रुंदी १४५ मिमी, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १२ इंची), बाहेरचा व्यास साधारण ५३७ मिमी. १३ इंची रिमवर १५५/६५ चढवला तर ५३२, म्हणजे चालण्यासारखं. तोच १५५/८० घेतला तर ५७८. टायर मडगार्डला घासणार, काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४-६५ ने पळत असेल, आणि चढावर आधीच बेताची ताकद आणखी कमी वाटेल. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा.

स्प्रिंग कापून गाडी खाली करण्याबद्दल माझं मत कडक आहे: करू नका. कापलेली स्प्रिंग ताठ होते आणि चाक लोंबकळलं की आपल्या जागेवरून निसटू शकते. शिवाय सुदामा नगरातले स्पीड ब्रेकर बघितलेत ना? कायद्याचं म्हणाल तर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. अपघात झाला तर विम्याचा माणूसही आधी तेच बघेल.

आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. विटा रचूनही नाही, वीट दाबाखाली फुटते. दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड), चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना ओट, मगच खाली.

रंगपंचमीला गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, बघून आलात आणि बोनेटवर गुलाल साचला असेल तर कोरडं फडकं फिरवू नका. त्यात मातीचे कण असतात, गाडीच्या रंगावर गोल गोल ओरखडे उमटतात. आधी भरपूर पाणी, मग शॅम्पू, मग कापड.

शेवटचं माझ्याच मूर्खपणाचं. डावीकडे वळलं की बोनेटखालून 'टक' असा आवाज. तीन आठवडे मी सस्पेन्शनवर संशय घेत होतो. लोअर आर्मचे रबरी बुश बदलले, माउंटिंग बदललं, आवाज तसाच. गाडीच्या कामांची नोंद ठेवतो त्या वहीत मागची पानं चाळली: आवाजाच्या आदल्या दिवशी एअर फिल्टर बदलल्याची नोंद होती. बोनेट उघडून फिल्टरच्या डब्यामागे हात घातला तर इतके दिवस घरात शोधत असलेला १२ नंबरचा रिंग पाना तिथे आडवा पडलेला. वहीत लिहिलं, "पाना सापडला. बुश चांगले होते."