कोयत्याला कधी निघणार? पीएचसीत नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) मला आता चौथं वर्ष चालू आहे. आले होते बाँडवर. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर १० लाख भरा असा तेव्हा नियम होता, आणि १० लाख आमच्या घरात कुणी एकत्र पाहिलेलेही नव्हते, म्हणून आले. बाँड संपल्यावर राहिले ते मात्र स्वतःहून.

दरवर्षी ज्युनिअर्सचे फोन येतात आणि प्रश्न ठरलेले असतात, क्वार्टर राहण्यासारखं आहे का, पीजीचा अभ्यास होतो का, नाईटला एकटं राहावं लागतं का. पटकन उत्तर देते. क्वार्टर गळतं पण राहता येतं. अभ्यास होतो, पण ओपीडी संपल्यावर डोकं शिल्लक राहिलं तर. नाईटला सिस्टर असतात, एकटं नसता. जे कुणी विचारत नाही ते मात्र सविस्तर लिहिते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याची किंमत माझ्या पेशंटनी मोजली.

रुजू झाल्याच्या दिवशी सत्कार-चहा होईल, तो घ्या आणि लगेच इमर्जन्सीचं कपाट उघडा. सर्पदंशाची लस किती व्हायल (बाटल्या) आहे आणि एक्सपायरी कधीची, अ‍ॅड्रिनॅलिन आहे का, मॅगसल्फ (गरोदर बाईच्या झटक्यांवरचं) आहे का, ऑक्सिटोसिन (बाळंतपणातला रक्तस्राव रोखणारं) फ्रिजमध्ये ठेवलंय की उघड्यावर, अंबू बॅगला (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीला) लहान मुलाचा आणि नवजात बाळाचा मास्क आहे का, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का आणि तो उघडायची चावी कुठं असते. ही चावी हमखास कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असते आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर असतो. चावी सिलिंडरला दोरीने बांधून टाका. हे काम पहिल्या दिवशी केलंत तर स्टाफलाही कळतं की तुम्ही नुसती सही करायला आलेला नाहीत.

आता मुख्य मुद्दा. कॉलेजात आपल्याला हिस्ट्री घ्यायला शिकवतात, किती दिवसांपासून, कुठं दुखतं, कशाने वाढतं, कशाने थांबतं. सगळं बरोबर आहे. पण पीएचसीत सकाळच्या ओपीडीला ८०-९० पेशंट असतात, एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात आपण आजाराबद्दल विचारतो पण माणूस जगतो कसा हे विचारायचं राहून जातं. रात्री कुठं झोपता, पुढच्या महिन्यात गावात असणार का, घरात निर्णय कोण घेतं, इथून मोठ्या दवाखान्यात जायचं तर कसं जाणार. हे प्रश्न वेळ उरला तरच विचारायचे असे नाहीत, आमच्याकडे निदान आणि उपचार दोन्ही ह्यांच्यावरच अडतात.

माझं पहिलं वर्ष, पावसाळ्यातली रात्र, पहाटेचे साडेचार वाजले असतील. नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आई आणि चुलता आले. "लेकराच्या पोटात लई दुखाया लागलंय, दोनदा उलटी झाली." रात्री नीट जेवला होता, ताप नाही, जुलाब नाही. पोट हाताला मऊ लागत होतं. मी उलटीचं इंजेक्शन आणि अ‍ॅसिडिटीचं औषध लिहायला घेतलं. तेवढ्यात मागून आमच्या सिस्टर, ज्यांची नोकरी वीस वर्षांच्या पुढे झालीय, त्यांनी पोराच्या आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठं झोपला होता ओ हा?" आई म्हणाली, "खालीच, वाकळंवर, दारापाशी." सिस्टरनी माझ्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, त्याला वर बघायला सांगा."

सांगितलं. पोरगं वर बघायला गेलं तर भुवया चढल्या पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. मान उशीवरून उचलायला सांगितली, उचलेना. अंगावर कुठं दाताची खूण नाही, सूज नाही, काही नाही. मण्यार होती.

मण्यार अशीच चावते. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही, पहाटे पोट दुखतं आणि घसा आवळल्यासारखा होतो आणि मग श्वासाचे स्नायू बंद पडत जातात. नाग, घोणस, फुरसं यांच्यात काहीतरी दिसतं तरी. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेला आणि जमिनीवर झोपलेला माणूस हा मण्यारीचाच धरून चला, नाही निघाली तर आनंद आहे.

लसीच्या दहा व्हायल लावल्या. लहान मूल म्हणून डोस कमी करायचा नसतो, विष सापाने मोजून कमी दिलेलं नसतं. पावडर विरघळवताना व्हायल झटकायची नाही, फेस होतो, म्हणून सिस्टर आणि मी दोघी त्या काचेच्या बाटल्या तळहातात धरून हळूहळू फिरवत बसलो होतो आणि ती पाचेक मिनिटं मला अजून आठवतात, बाहेर पाऊस, पोराचा आवाज बारीक होत चाललेला, ओठाच्या कडेने लाळ गळायला लागलेली. अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला ठेवलं, कारण लसीची रिअ‍ॅक्शन कुणालाही येऊ शकते. निओस्टिग्मिन-अ‍ॅट्रोपिन दिलं, स्नायूंची ताकद परत यावी म्हणून, पण मण्यारीत त्याचा भरवसा धरू नका. १०८ लांब होती म्हणून आमच्याच गाडीत घेतलं आणि अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला निघालो. वाटेत श्वास पुरेना. अंबू बॅग मी दाबत होते, हात भरून आल्यावर चुलत्याला शिकवलं, मनात एक-दोन-तीन म्हण आणि दाब, आणि तो माणूस रडत रडत पण एकदाही न चुकता दाबत राहिला. पोरगं व्हेंटिलेटरवर गेलं, सहाव्या दिवशी नळी निघाली, घरी आलं. अंबू बॅग दाबायला नातेवाइकांना शिकवणं हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं, तुम्ही मात्र ड्रायव्हरसकट सगळ्यांना आधीच शिकवून ठेवा.

तो एक प्रश्न सिस्टरनी विचारला म्हणून ते पोर वाचलं. जो प्रश्न मी विचारला नाही त्याची गोष्ट आता सांगते.

एक बाई होती, तिशीच्या आतली. दीड महिना खोकला, वजन ४१ किलो. बेडका तपासला, टीबी निघाला. साधा टीबी, औषधाला दाद देणारा. सप्टेंबरमध्ये गोळ्या सुरू केल्या, सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मी तिला नीट समजावलं, एकही दिवस चुकवायचा नाही, बरं वाटलं तरी थांबायचं नाही, मान हलवली तिने. पहिला महिना आली. दसरा झाल्यावर आली नाही. आरोग्य सेवक घरी जाऊन आला, घराला कुलूप. मी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पुढच्या पेशंटकडे वळले. हे मी लिहितेय तेव्हाही मला बरं वाटत नाही.

ती ऊसतोडीला गेली होती. बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पहाटे चारला फडात, मोळ्या बांधायच्या, गाडी भरून द्यायची, राहायला उसाच्या पाचटाची कोपी. त्यात दवाखान्याला जायचं म्हणजे दोघांचा खाडा. तिच्या गोळ्या संपल्या, तिकडच्या एका मेडिकलमध्ये तिने रिकामं पाकीट दाखवलं, त्यांच्याकडे नव्हत्या, बरंही वाटत होतं, राहून गेलं.

पाडव्यानंतर आली तेव्हा ३४ किलो. ट्रूनॅट ही टीबीची तपासणी केली (हे मशीन आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे, त्याच्यामुळे तालुक्याला बसून रेझिस्टन्स, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाहीत हे, कळतो, नाहीतर पूर्वी नमुना लांब पाठवून वाट बघावी लागायची). रिफॅम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधालाच, रेझिस्टन्स दाखवला. मी तिला म्हटलं, अगं जाणार होतीस तर सांगायचं ना मला. ती म्हणाली, "समद्यांलाच म्हाईत असतंय की मॅडम, आम्ही कोयत्याला जातोत ते."

खरंच सगळ्यांना माहीत होतं. आशाताईला, शिपायाला, फार्मासिस्टला. मी एकटी बाहेरून आलेली होते आणि मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. गणपती बसले की ओपीडीत प्रत्येकाला, आजार कुठलाही असो, विचारायचं, कोयत्याला निघणार का, कधी, कुठल्या कारखान्याला. हो म्हटलं की केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने 'को' आणि महिना. शंभर पेशंट असले तरी ह्याला दहा सेकंद लागतात. बाकीचं आशाताई घरी जाऊन भरून आणतात, मुकादम कोण, टोळीत फोन कुणाकडे असतो. पेशंटचा स्वतःचा नंबर घेऊन उपयोग नसतो, रिचार्ज संपलेला असतो, मुकादमाचा फोन मात्र कायम चालू असतो कारण त्याचा धंदा त्याच्यावर आहे. टीबीचा पेशंट असेल तर महिन्याभराच्या गोळ्या जास्तीच्या देते, निक्षय (सरकारचं टीबीचं पोर्टल) आयडी गोळ्यांच्या पिशवीवर आतून मार्करने लिहिते, जिथं जाणार त्या तालुक्याच्या टीबी सुपरवायझरला निघायच्या आधी फोन करते आणि निक्षयवर ट्रान्सफर टाकते. नुसतं पोर्टलवर टाकून थांबू नका, फोन कराच. घरातल्या सगळ्यांची तपासणीही निघण्याआधीच उरका, कारण तिकडे एका कोपीत सगळे शेजारी शेजारी झोपणार आहेत. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटच्या आहारासाठीचे सरकारी पैसे, जे २०१८ पासून महिना ५०० होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, ते जमा होतात की नाही हे पासबुक बघून तपासा, खातं बंद पडलेलं असणं फार कॉमन आहे.

बीपी-शुगरवाल्यांनाही तसंच. गरोदर बाई असेल तर निघतानाच हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या पुरतील एवढ्या, आणि माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही आणि शौचाला काळी होईल, घाबरायचं नाही, ही दोन वाक्यं सांगितली नाहीत तर गोळ्या ट्रंकेत पडून राहतात.

बायकांचं अजून एक सांगते, कारण इथं तुम्हाला ते रोज दिसणार आहे. "मॅडम, पिशवी काढून टाकायची, चिठ्ठी द्या." तिशीतली बाई असते. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, कुणीतरी कॅन्सर होईल म्हणून घाबरवलेलं असतं, आणि पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही हे मनात असतं. २०१९ साली नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा विश्वास बसला नव्हता, आता ओपीडीत बसून बसतो. अशा बाईला उपदेश करू नका, पडदा लावा, स्पेक्युलम (आतून तपासायचं उपकरण) घालून बघा, बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं आणि सरकारी औषधांच्या हिरव्या किटने पांढरं जाणं आटोक्यात येतं. फडात आंघोळ कुठं करता, पाळीचं कापड कुठं वाळवता, हे विचारलं की बाई पहिल्यांदा जमिनीकडे बघते, मग बोलायला लागते आणि बोलली की खूप बोलते. त्या दिवशी ओपीडी लांबते. लांबू द्या.

रेफरलचं थोडक्यात. नुसती चिठ्ठी हातात दिली की पेशंट घरी जातो, हे धरून चाला. कोण सोबत जाणार, पैसे किती जवळ आहेत, सासू हो म्हणालीय का, हे विचारा आणि पुढच्या दवाखान्यात फोन करून अमुक पेशंट येतोय एवढं सांगा. दुसऱ्या दिवशी पोचला का विचारा.

आणि सिस्टर, आशाताई, आरोग्य सेवक यांच्यासमोर डॉक्टरकी दाखवू नका. महिन्याच्या मीटिंगला बहुतेक ठिकाणी रिपोर्टचे आकडे विचारतात, मी शेवटची पंधरा मिनिटं फक्त 'कोण कुठं गेलंय' ह्याच्यावर ठेवते, आणि त्या पंधरा मिनिटांत मला जे कळतं ते कुठल्याच पोर्टलवर नसतं.

टीबीवाल्यांना अजून एक सांगून ठेवते, गोळी चालू असली की लघवी नारिंगी-लाल होते, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. हे नाही सांगितलं तर घाबरून बंद करतात. सांगितलं तर दुहेरी फायदा होतो, घाबरत नाहीत आणि रंगावरून गोळी चालू आहे हेही कळतं.

गेल्या हंगामात आमचा एक टीबीचा पेशंट सांगलीकडे होता, चोवीस-पंचवीसचा पोरगा, त्याच्या बायकोला सहावा महिना. फेब्रुवारीत रविवारी सकाळी मुकादमाच्या नंबरवरून फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी ओरडून मोळ्या मोजत होतं. मी काही विचारायच्या आधीच पोरगा म्हणाला, "मॅडम, लाल येतीय बघा अजून. अन् वजन इथल्या सायबांनी केलं, पन्नास भरलं."