मुंबईत घर भाड्याने घेताय किंवा देताय? डिपॉझिटची भांडणं टाळायची तर हे करा

मी बारा वर्षं भाड्याने राहिलोय, आधी बोरिवलीत मग भांडुपला, आणि आता चार वर्षं झाली आईच्या नावावरचा विक्रोळीचा वन रूम किचन भाड्याने देतोय, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. एक गोष्ट पक्की कळलीय, ओनर आणि भाडेकरूचं भांडण होतं घर सोडताना, पण ते कोण जिंकणार हे घरात शिरतो त्या दिवशीच ठरलेलं असतं.

भांडुपचं सांगतो. किचनच्या सिंकखाली भिंतीला ओल होती, पोपडे निघालेले. सामान टाकायच्या आधी बायकोने मोबाईलवर प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, मी म्हटलं कशाला उगाच, ओनर काका सज्जन आहेत. तीन वर्षांनी घर सोडताना सज्जन काका म्हणाले, पेंटिंग आणि ओलीचे १८ हजार कापून घेतो.
"काका, ही ओल आम्ही आलो तेव्हापासूनच आहे."
"असं कसं, मी स्वतः उभं राहून रंग मारून दिला होता."
मग तो फोटो दाखवला, पोपडे तेच, शेजारी त्यांच्याच आधीच्या भाडेकरूने सोडून गेलेलं कालनिर्णय, महिना वर्षासकट. काका दोन मिनिटं चष्मा पुसत बसले आणि शेवटी पेंटिंगचे चार हजार घेऊन बाकीचा चेक दिला.

तर पहिलं काम हेच, चावी हातात आली की रिकाम्या घराचा व्हिडिओ काढायचा, नळ सोडून, फ्लश ओढून, पंखे गीझर लावून, खिडक्या उघडबंद करून, आणि शेवटी लाइटच्या मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी ओनरला व्हॉट्सअ‍ॅप करायचा, "आज घर ताब्यात घेतलं, हे असं आहे". ओनरने पण हेच करावं, पंखे किती, चाव्या किती, एसी कुठल्या कंपनीचा, सगळी यादी अ‍ॅग्रीमेंटला जोडून टाकावी.

आता अ‍ॅग्रीमेंट. हे मी नेहमीच्या लिव्ह अँड लायसन्सबद्दल (ठरावीक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी) बोलतोय, पागडीची (मोठी रक्कम देऊन वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यावर राहायची जुनी पद्धत) खोली असेल तर ते प्रकरणच वेगळं, तिथे थेट वकील गाठा. बऱ्याच जणांना वाटतं ११ महिन्यांचं आहे म्हणजे नोटरी करून भागतं. नाही भागत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे अ‍ॅग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, मग ते ११ महिन्यांचं असो की ३६, आणि ही जबाबदारी ओनरची आहे. केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यापेक्षा मोठा फटका हा की वाद झाला तर काय ठरलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं ओनरवर. म्हणजे नोटरीवर हजार रुपये वाचवणारा ओनर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

खर्च काही फार नाही. अकरा महिन्यांचं एकूण भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारं व्याज मिळवायचं, त्या बेरजेच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. भाडं ३०,००० आणि डिपॉझिट एक लाख असेल तर साडेआठशेच्या आसपास, वर मुंबईत रजिस्ट्रेशन फी १,०००. बाकी जे काय एजंट सांगतो तो त्याचा मेहनताना, त्यात घासाघीस करा. ऑनलाइन होतं, माणूस लॅपटॉप आणि थम्ब मशीन घेऊन घरी येतो. आईचा अंगठा लागेचना, आयुष्यभर भांडी घासलेला हात तो, कोमट पाण्याने धुऊन पुसून पाचव्या वेळी लागला, तर म्हाताऱ्या माणसांसाठी जरा वेळ हाताशी ठेवा.

सही करायच्या आधी अख्खं वाचा, एजंट म्हणेल स्टँडर्ड ड्राफ्ट आहे, असतोच, पण तो त्याचा स्टँडर्ड. लॉक-इन (ज्या काळात घर मध्येच सोडता किंवा सोडायला सांगता येत नाही) किती महिन्यांचा आणि तो दोघांनाही लागू आहे की फक्त भाडेकरूला, नोटीस एक महिना की दोन, पेंटिंगचे कापणार असतील तर आकडा टाकून घ्या, रिपेअरमध्ये नळाचा वॉशर-ट्यूबलाइट भाडेकरू आणि गळती, प्लास्टर, आतली पाइपलाइन ओनर असं स्पष्ट लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, डिपॉझिट चावी देतानाच परत मिळेल. "नंतर हिशोब करून देऊ" असं लिहिलं असेल तर ते नंतर कधी येत नाही.

भाडं कॅशने देऊ नका, घेऊ पण नका. देतच असाल तर पावती घ्या, ती देणं ओनरला बंधनकारक आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायचं काम ओनरचं, मुंबई पोलिसांच्या साइटवर फॉर्म भरता येतो, त्याची प्रिंट सोसायटीत द्या. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (ओनर स्वतः राहत नाही म्हणून घेतलेले पैसे) लावते ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच लावू शकते, २००१ चा सरकारी आदेश आहे, आणि ते भरायचे ओनरने. आमच्याकडे सेक्रेटरीने आधी दुप्पट लावले होते, आदेशाची कॉपी ठेवली टेबलावर, पुढच्या बिलात बरोबर आले.

वाद झालाच तर आधी फोन करा, भेटा, चहा प्या, पण घरी आल्यावर जे बोलणं झालं ते मेसेजवर टाका, "आज बोलल्याप्रमाणे गळतीचं काम तुम्ही १५ तारखेपर्यंत करताय". समोरचा नुसतं "ओके" म्हणाला तरी पुढे कामाला येतं. त्याने नाही हललं तर स्पीड पोस्टाने नोटीस. वकिलाकडून पाठवली तर अर्ध्याहून जास्त डिपॉझिटं तिथेच सुटतात असा माझा अनुभव, कारण कोर्टाच्या पायऱ्या दोघांनाही नको असतात.

मुदत संपली आणि भाडेकरू हलतच नाही, हे ओनरचं खरं दुःस्वप्न. माझ्या एका मित्राने अशा वेळी काय केलं, वायरमन आणून लाइट तोडली. भाडेकरूने दुसऱ्या दिवशी पोलिसात अर्ज टाकला आणि हाच आरोपीच्या जागी. लाइट-पाणी तोडायला त्याच भाडे कायद्याने मनाई आहे, कलम २९, आणि कुलूप बदलून सामान बाहेर काढलं तर तो माणूस सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊन ताबा परत मागू शकतो. सरळ रस्ता कलम २४ चा आहे, मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला लढायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर निकाल ओनरच्या बाजूने जातो. वर मुदतीनंतर राहिल्याबद्दल ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. नुसतं हे वाचून दाखवलं तरी बरेच जण टेम्पो बोलावतात. लिव्ह अँड लायसन्सवर नसलेल्या रेग्युलर भाडेकरूचे (पागडीवाले वगैरे) दावे मात्र लघुवाद न्यायालयात, धोबी तलावला, आणि तिथे वर्षांच्या हिशोबाने चालावं लागतं.

मित्राची मूळ चूक मात्र वेगळीच होती, अ‍ॅग्रीमेंट संपल्यावर "राहा हो अजून तीन महिने" असं तोंडी सांगून मोकळा झालेला. मुदत संपायच्या दोन महिने आधी मोबाईलवर रिमाइंडर लावा आणि राहणार असतील तर नवीन अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करा, चुलत भाऊ असला तरी.

भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूला २ टक्के टीडीएस (भाड्यातून कापून सरकारला भरायचा ओनरचा इन्कम टॅक्स) कापावा लागतो हेही ध्यानात ठेवा, हा दर ऑक्टोबर २०२४ पासूनचा, आधी ५ होता. आणि एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता) दाखवून टॅक्स सूट क्लेम करणाऱ्यांनो, वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ओनरचा पॅन लागतो, तो आधीच मागून ठेवा, मार्चमध्ये ओनर फोन उचलत नाही.

घर सोडायच्या दिवशी परत तसाच व्हिडिओ, सगळ्या चाव्या मोजून (लेटर बॉक्सची पण), एका हाताने चेक किंवा ट्रान्सफर आणि दुसऱ्या हाताने चावी. शेवटचं लाइट बिल तुम्ही गेल्यावर येतं, त्यासाठी अख्खं डिपॉझिट अडवू देऊ नका, मीटरचा फोटो काढून अंदाजे हजार-दीड हजार बाजूला ठेवायला सांगा, बिल आलं की उरलेले जीपे.