जर्मन सिग्नल केबिनच्या लिव्हरचे मॉडेल करताना या चुका टाळा

रेल्वेचे सिग्नल आणि रूळ जिथून लिव्हरने चालवतात, त्या जर्मन यांत्रिक सिग्नल केबिनच्या अनेक मॉडेलांत इमारत, खिडक्या आणि छपरावरची कौलेसुद्धा बिनचूक असतात. आतली लिव्हरची रांग मात्र ब्रिटिश घाटाची निघते. ब्रिटिश लिव्हर जमिनीतून उभा वर येतो आणि केबिनमन तो स्वतःकडे ओढतो. जर्मनीत पुढे मोठ्या प्रमाणावर रूढ झालेल्या ‘आइनहाइट’ या प्रमाणित बनावटीत लिव्हर एका मोठ्या तारचाकाला जोडलेला असतो, मूळ स्थितीत वर उभा राहतो आणि काम करताना सुमारे १८० अंशांत फिरून खाली येतो. भारतातील डबल वायर (प्रत्येक लिव्हरला दोन तारा असलेली) केबिन पाहिलेल्यांना ही चाल ओळखीची वाटेल. त्यामुळे लिव्हर फ्रेमची, म्हणजे लिव्हर बसवलेल्या चौकटीची, उंची ठरवताना चाकाच्या आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर लिव्हरच्या लांबीपेक्षा जास्त आहे ना, हे आधी मोजावे. कित्येक मॉडेलांत खाली आणलेला लिव्हर जमिनीत घुसेल इतकी फ्रेम बुटकी असते.

रंगांतही असाच गोंधळ होतो. ब्रिटिश केबिनमध्ये सांध्यांचे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या हलत्या रुळांचे) लिव्हर काळे आणि सांधे जागेवर पक्के करणाऱ्या कुलपांचे निळे असतात. आइनहाइट केबिनमध्ये मात्र सांधे आणि त्यांची कुलपे दोन्ही निळ्या रंगात, सिग्नलचे लिव्हर लाल आणि मार्ग पक्का करणारे छोटे लिव्हर हिरवे असतात. काळा लिव्हर दिसला, की मॉडेल कोणत्या छायाचित्रावरून केले, हे जाणकाराला लगेच कळते. पाट्या लिहिताना मुख्य सिग्नलांना अक्षरे आणि सांध्यांना आकडे द्यावेत.

सर्वांत गंभीर चूक मात्र लिव्हरच्या स्थितीत होते, कारण ही फ्रेम म्हणजे इंटरलॉकिंगचे (धोकादायक जुळणी होऊ न देणाऱ्या लिव्हरच्या परस्पर-बंधनाचे) तर्कशास्त्रच असते आणि एक लिव्हर चुकीचा ठेवला तरी संपूर्ण दृश्य अशक्य ठरते. रांग जिवंत दिसावी म्हणून काही जण मनाला येतील ते तीन-चार लिव्हर खाली करतात. प्रत्यक्षात आधी त्या मार्गावरचे सांधे योग्य स्थितीत आणावे लागतात, मग हिरवा मार्ग-लिव्हर मधल्या स्थितीतून वर किंवा खाली न्यावा लागतो आणि त्यानंतरच लाल लिव्हर मोकळा होतो. म्हणून लाल लिव्हर खाली आणि सगळे हिरवे मधल्या स्थितीत, असे चित्र खऱ्या केबिनमध्ये दिसणारच नाही. ज्या सिग्नलला पूर्ण वेगाची आणि कमी वेगाची अशा दोन वेगळ्या सूचना द्यायच्या असतात, त्याला सहसा जोडीने काम करणारे दोन लिव्हर असतात. त्यांपैकी एका वेळी एकच खाली येतो. शंका असल्यास सर्व लाल लिव्हर वर आणि सर्व हिरवे मध्यावर ठेवावेत, म्हणजे निदान खोटे काही दाखवले जात नाही. अर्थात, बाहेरच्या मांडणीतले सिग्नलही मग ‘थांबा’ दाखवत असले पाहिजेत.

तारांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. लाल आणि निळ्या प्रत्येक लिव्हरच्या चाकावरून एक नव्हे, दोन तारा जमिनीखाली जातात. सिग्नलच नव्हे, सांधेही बहुतेक ठिकाणी तारांनीच हलवले जात. तारांच्या मार्गात वजने टांगलेली ताणयंत्रे असतात. उन्हाळ्या-हिवाळ्यात तारेची लांबी बदलली तरी ती ताण कायम राखतात आणि तार तुटली तर सिग्नल ‘थांबा’ स्थितीत ओढून नेतात. खालच्या मजल्याला खिडक्या असतील, तर ही वजने दाखवल्याशिवाय आतली रचना पोकळ वाटते.

मोठ्या स्केलच्या मॉडेलमध्ये लिव्हर सर्व्होने (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने) हलवताना तो अर्ध्यातच थांबतो, अशी अडचण हमखास येते. किती फिरायचे ते सांगणाऱ्या, नेहमीच्या १ ते २ मिलिसेकंदांच्या विद्युत पल्सवर साधा सर्व्हो जेमतेम ९० अंश फिरतो. सर्व्होला सोसेल तितकीच पल्सची मर्यादा वाढवावी, किंवा १:२ प्रमाणात वेग वाढवणारी दातेरी चाकांची जोडी मध्ये घालावी. दुसरा उपाय अधिक भरवशाचा आहे. १:८७ या छोट्या स्केलमध्ये मात्र हलणाऱ्या लिव्हरचा हट्ट सोडून तोच वेळ पाट्यांना आणि रंगांना द्यावा.