परतीच्या पावसानंतर लॉन जळतंय? या चुका टाळा

दसरा ते दिवाळी हे दिवस लॉनसाठी सगळ्यात कठीण. दुपारी ऑक्टोबरचं कडक ऊन, पहाटे पातीपातीवर दव, आणि मध्येच परतीच्या पावसाची सर. बुरशी अशाच हवेची वाट पाहत असते.

अशा वेळी सर्वात महागात पडते ती दिवाळीच्या तोंडावरची युरियाची मूठ. पुण्यात आमच्या घरापुढचं कोरियन गवत मी असंच घालवलं. पाहुणे यायच्या आत हिरवंगार दिसावं म्हणून युरिया फेकला आणि संध्याकाळी भरपूर पाणी सोडलं. आठवड्याभरात ताटाएवढे तांबूस गोल उमटले, कडेला नारिंगी झाक. कडेची एक पात चिमटीत धरून हलकेच ओढली तर अलगद हातात आली. बुंध्याशी ती तपकिरी पडून कुजली होती. ही रायझोक्टोनिया बुरशीची खूण. युरियातल्या नत्रामुळे पात भराभर वाढते, पण लुसलुशीत राहते आणि रोगाला लगेच बळी पडते. असे गोल दिसले की नत्र पूर्ण थांबवा.

मात्र रुपयाच्या नाण्याएवढे फिकट ठिपके असतील आणि पहाटे त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसत असतील, तर गोष्ट उलटी आहे. हा डॉलर स्पॉट नावाचा बुरशीचा रोग. तो उपाशी गवतावर जास्त येतो. तिथे थोडंसं नत्र दिल्यावरच गवत सावरतं.

संध्याकाळचं पाणी तर बंदच करा. पात रात्रभर ओली राहिली की रोग पसरतो. पाणी पहाटे द्यावं, म्हणजे ऊन चढल्यावर पात सुकते. तेही रोज नको: खुरपं खुपसून पाहा, वाफसा असेल, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असेल, तर पाण्याची गरज नाही. ज्या दिवशी पाणी द्यायचं नसेल, त्या दिवशी सकाळी लांब दोरी किंवा पाण्याचा पाइप दोघांनी दोन टोकांना धरून लॉनवरून ओढत न्या. दव झडतं आणि पात लवकर कोरडी होते. फुकटचा उपाय आहे, पण माझा सर्वात जास्त भरवसा यावरच आहे.

बुरशीनाशक फवारण्याआधी डाग बुरशीचेच आहेत याची खात्री करा. गवत सतरंजीसारखं उचललं गेलं आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या निघाल्या, तर ती हुमणी आहे, बुरशीनाशकाचा उपयोग नाही. मधोमध जळलेलं आणि भोवती गडद हिरवं कडं असेल तर बहुधा कुत्र्याचं मूत्र. तिथे भरपूर पाणी ओता.

दुकानदार बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक हातात ठेवतो. रायझोक्टोनियावर ते चालतं. पण पाणी साचतं तिथे तेलकट, काळपट पट्टे दिसत असतील तर तो पिथियम नावाचा वेगळा रोग, त्यावर कार्बेन्डाझिम काम करत नाही, मेटालॅक्झिल हे औषध लागतं. आधी निचरा मात्र सुधारा. गोल डागांवर फवारताना द्रावण बुंध्यापर्यंत पोचू द्या, प्रमाण लेबलवरचंच ठेवा. मेलेली पात पुन्हा हिरवी होत नाही, म्हणून चार दिवसांत 'फरक पडला नाही' असं समजून दुसरी फवारणी करू नका, नवीन फुटवे पाहा. आणि ट्रायकोडर्मा हे जैविक औषध टाकणार असाल तर रासायनिक फवारणीसोबत नको. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक त्यालाही मारतं, कारण ट्रायकोडर्मा ही सुद्धा बुरशीच आहे.

ओलं गवत कापू नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका, आणि मशीनचं पातं धारदार ठेवा. बोथट पात्यानं टोकं फाटतात, तिथून रोग शिरतो. रोगट कापणी कंपोस्टमध्ये न टाकता बाहेर काढा. माळीबुवा दुसऱ्या बंगल्यावरून मशीन आणत असतील तर आधी धुऊन घ्या.

मेलेले गोल तसेच सोडू नका. रोग थांबल्यावर कुजका थर खरवडून काढा, पोयटा (गाळाची माती), वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा आणि निरोगी भागातले फुटवे लावा. हे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका. थंडी पडली की कोरियन गवताची वाढ मंदावते आणि ती जागा उन्हाळा लागेपर्यंत भरत नाही.