लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी फेरोमोन सापळा कसा लावावा

शेतातला कामगंध (फेरोमोन) सापळा रानात टांगून लाकूड पोखरणारे लांब मिशांचे भुंगेरे फारसे मिळत नाहीत. ते वासावर उडत येतात, पण बसायला त्यांना खोडासारखं उभं आणि काळं काहीतरी लागतं. म्हणून काळ्या कोरुगेटेड प्लास्टिकचे १.२ मीटर उंच, ३० सेंमी रुंद असे दोन तुकडे घ्या, अर्ध्यापर्यंत खाच पाडून फुलीसारखे एकमेकांत बसवा. खाली रुंद नरसाळं आणि त्याखाली बरणी.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. भुंगेऱ्याची पकड घट्ट असते. साध्या प्लास्टिकवर तो आपटतो, सावरतो आणि चालत निघून जातो. प्लास्टिकचे पत्रे आणि नरसाळ्याची आतली बाजू फ्लुऑनने, म्हणजे टेफ्लॉनच्या पातळ द्रवाने, रंगवा. समान पाणी मिसळलं तरी चालतं. रात्रभर वाळू द्या. फ्लुऑन लावलेल्या आणि न लावलेल्या सापळ्यांत मिळणाऱ्या संख्येत कित्येक पटींचा फरक पडतो. धुळीचा थर बसला की घसरण कमी होते, तेव्हा हंगामात पत्रे पुसत राहा.

ल्युअरसाठी, म्हणजे वासाच्या आमिषासाठी, सुरुवात ३-हायड्रॉक्सीहेक्झान-२-ओन या फेरोमोनने करावी. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांतल्या सेरॅम्बिसिनी उपकुळातल्या अनेक जातींचे नर, तेही वेगवेगळ्या खंडांत, हेच सोडतात आणि त्यावर नर-मादी दोघंही येतात. ५० मिलिग्रॅम द्रव्य १ मिलिलिटर इथेनॉलमध्ये मिसळा, कापसाच्या बोळ्यावर घेऊन ५ × ७.५ सेंमीच्या पातळ पॉलिथिन झिप पिशवीत बंद करा. पिशवीला भोक पाडू नका. वास प्लास्टिकमधून हळूहळू झिरपतो. ती पत्र्यांच्या मध्यावर टांगा, दोन आठवड्यांनी बदला, कडक उन्हात त्याआधीच. मरणाऱ्या झाडाच्या वासासाठी शेजारी १०० मिलिलिटर इथेनॉलची वेगळी पिशवी ठेवता येते. ल्युअरचा प्रकार बदलला की हातमोजेही बदला.

बरणीत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण. साबण नसेल तर किडे तरंगत राहतात. गाडीचं कूलंट नको, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि प्राण्यांना मारतं. पावसाळ्यात बरणीच्या वरच्या कडेला भोक पाडून जाळी लावा, नाहीतर बरणी भरून किडे वाहून जातील.

सापळे एकमेकांपासून निदान १५ ते २० मीटर दूर, बरणी जमिनीपासून अर्धा मीटर वर. प्रत्येक गटात तुलनेसाठी एक कोरा, म्हणजे फेरोमोन नसलेला, सापळा हवाच, आणि त्याच्या पिशवीत नुसतं १ मिलिलिटर इथेनॉल. रिकामी पिशवी चालणार नाही. हे नसेल तर भुंगेरा फेरोमोनवर आला, इथेनॉलवर आला की सहज धडकला, हे सांगता येत नाही. दर आठवड्याला बरण्या रिकाम्या करताना सापळ्यांच्या जागा एकेक पुढे सरकवा. एखादी जागाच चांगली असते.

सापळा रिकामा म्हणजे जात तिथे नाही, असं लिहू नका. मोनोकॅमस या गटातल्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांना मोनोकॅमॉल हे वेगळं फेरोमोन लागतं. सालवृक्षाचा खोडकिडा पावसाळ्यात ताज्या कापलेल्या झाडाच्या रसावर येतो; मध्य भारतात त्यासाठी ओंडके ठेचून ठेवतात. शिवाय काही रसायनं एकत्र टांगली की एकाच्या वासाने दुसऱ्याची जात बिचकते, म्हणून नवं मिश्रण आधी सुट्या घटकांसोबत तपासा.

वनविभागाची लेखी परवानगी आधीच घ्या. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये, तारीख आणि सापळा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत. बॉलपेनची शाई विरघळते.